दार किती उघडं ठेवायचं?

जोडे बाहेर काढा आणि मोबाईल बंद करा. रेंज यायला इथं अजून शंभर वर्षं आहेत.

साल १८९३. पुण्यात पावसाची झड लागलीय. तुम्ही एका बंगल्याच्या ओसरीवर उभे आहात आणि आतून चुलीचा धूर येतोय. पुरुष असाल तर इथंच थांबा. हे विधवा मुलींचं घर आहे, गावात बोभाटा व्हायला परक्या पुरुषाची सावलीही पुरते. बाई असाल तर आत चला. कुणी ना कुणी जात विचारेलच, उत्तर तयार ठेवा.

अंगणात तुळस आहे. एक दहा-अकरा वर्षांची मुलगी ओल्या लुगड्यानं तिला पाणी घालतेय. कपाळ कोरं, हात मोकळे. स्वयंपाकघरात सोवळ्यातली बाई कुणाला उंबऱ्याच्या आत येऊ देत नाही. म्हणजे एखाद्या ब्राह्मणाच्या वाड्यात पहाटे जे दिसेल तेच सगळं इथं आहे. फक्त बोळाच्या टोकाशी एक खोली आहे आणि तिचं दार उघडं आहे.

त्या दाराकडे नीट बघा. सारं भांडण त्याच्यापाशी आहे.

आत पांढऱ्या साडीतली, आखूड केसांची एक बाई बसलीय. शेजारी तिची बारा वर्षांची मुलगी मनोरमा. पुढ्यात पुस्तक उघडलेलं आणि डोळे मिटलेले. ही प्रार्थना ख्रिस्ताची आहे. दोन-तीन आश्रमकन्या येऊन भिंतीला टेकून बसल्यात. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. कुणी जायलाही सांगत नाही.

ह्या पंडिता रमाबाई आणि हे शारदा सदन. ११ मार्च १८८९ ला मुंबईत चौपाटीला सुरू झालं, पुढच्याच वर्षी पुण्यात आलं. पैसा बोस्टनच्या ‘रमाबाई असोसिएशन’चा, तोही दहा वर्षांच्या बोलीवर. अट अशी की इथं धर्म शिकवायचा नाही. ज्या मुलीला देवपूजा करायची तिनं ती करावी, जिला उपास धरायचा तिनं धरावा. सल्लागार मंडळात रानडे होते, भांडारकर होते. आपल्या बालविधवा लेकीला एका बाटलेल्या बाईच्या हवाली करताना बापाला एवढा तरी दिलासा हवाच होता.

आणि आता ‘केसरी’ दर आठवड्याला नवा वार करतोय. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात, एक-दोघी ख्रिस्ती व्हायच्या वाटेवर आहेत, ही बातमी घराघरांत पोचलीय. हितचिंतकांनी रमाबाईंना सांगून पाहिलं की तुमची प्रार्थना तुमची, पण दार लावून घ्या. एवढंच. कडी घालायला किती वेळ लागतो?

रमाबाईंनी दार लावलं नाही. स्वतःच्या घरात आपल्या देवापुढे बसायला आपण चोरासारखं का बसावं, आणि आपण होऊन आलेल्या पोरीला का हाकलावं, हा त्यांचा मुद्दा. ऑगस्ट १८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले. त्यानंतरचे दिवस तुम्ही ओसरीवरूनच पाहा. टांगा येतो, मामा नाहीतर सासरा उतरतो, एक वळकटी नि एक पत्र्याची पेटी वर चढते आणि मागोमाग एक मुलगी. कुणाच्या पदराखाली पाटी असते. साधारण पंचवीस मुली अशा गेल्या. त्यातल्या बऱ्याच जणींचं शिक्षण त्या टांग्यापाशी संपलं असावं.

कुणाची बाजू घ्यावी? मला रमाबाईंचा हट्ट पटतो आणि तरीही अवघडल्यासारखं होतं. जिच्या ताटात आपण जेवतो, जी आपल्याला अक्षर शिकवते, जगात जी एकटीच आपल्याशी माणसासारखं वागली, तिच्या खोलीचं दार उघडं असेल तर बारा वर्षांची मुलगी आत जाणारच. तिला कुणी ओढलं नाही हे खरं. पण त्या उघड्या दाराला एक ओढ होती, हेही खरंच. संस्था काढणाऱ्याची श्रद्धा ही अशी घरभर दरवळते. उदबत्ती एका कोनाड्यात लावली म्हणून वास तेवढ्यात थांबत नाही.

हा हट्ट आला कुठून, ते बघायला आणखी मागं जावं लागेल. एसटीसारखा प्रवास नाही हा, डोळे मिटले की झालं.

साल १८७० च्या दशकातलं. दक्षिणेतला रखरखीत रस्ता. पुढे म्हातारे अनंतशास्त्री डोंगरे, मागे लक्ष्मीबाई, मग मुलं. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून शास्त्रीबुवांना धर्ममार्तंडांपुढे जाब द्यावा लागला होता. आता तीर्थामागून तीर्थ करत, देवळात पुराण सांगत कुटुंब चाललंय. पोथीपुढे जी दक्षिणा पडेल ती मिळकत. दुष्काळ तोंडावर आहे. तुम्हाला वाटेल, पैसे गाठीला बांधतील. नाही. उरलंसुरलं ते ब्राह्मणांना आणि देवाला देतात, उपास धरतात, स्नानं करतात, देव प्रसन्न व्हावा म्हणून. देव झाला नाही. आईवडील उपासमारीनं गेले, मोठी बहीण गेली. उरली रमा आणि भाऊ श्रीनिवास. दोघं हजारो मैल पायी चालले. पुढे रमाबाईंनी हे सगळं स्वतः लिहून ठेवलंय आणि ते वाचताना कळतं की ही बाई श्रद्धेच्या पोटात वाढली आणि तिथंच उपाशीही राहिली. २९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडात वाँटेज इथं त्यांनी बाप्तिस्मा घेतला. जुना देव सोडला, पण देवासाठी सगळं पणाला लावायची बापाची खोड काही सुटली नाही.

म्हणून १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा त्या गप्प बसू शकल्या नाहीत. मध्य प्रांतात गेल्या, दुष्काळी छावण्यांतून हाडांचे सापळे झालेल्या मुली गोळा केल्या. सुमारे तीनशे. पुण्यात तेव्हा प्लेग. इतक्या जणींना शहरात ठेवायला सरकारची मनाई. रमाबाईंनी त्यांना केडगावला नेलं.

चला केडगावला. पुण्याहून सोलापूरच्या गाडीनं. स्टेशनापासून थोडं चाललात की सपाट माळ आणि त्यात लावलेली फळझाडं. ही जमीन रमाबाईंनी आधीच घेऊन ठेवली होती आणि त्यामागे शुद्ध हिशेब होता. बोस्टनच्या दहा वर्षांची मुदत १८९८ ला संपणार, तेव्हा फळबागेच्या उत्पन्नावर सदन चालवावं. श्रद्धाळू माणसं व्यवहाराला कच्ची असतात असं कुणी म्हटलं की मला ही बाग आठवते. आता झाडांच्या आडोशाला तात्पुरत्या झोपड्या आहेत. पिंजारलेल्या केसांच्या मुली अन्न दिसलं की झडप घालतात आणि अर्धी भाकरी ओच्यात लपवतात, उद्या मिळेल याचा भरवसा नसतो. त्यांना आंघोळ घालणाऱ्या, भरवणाऱ्या, अक्षर गिरवून घेणाऱ्या मुली शारदा सदनातल्या आहेत. टांग्यात न चढलेल्या.

ही ‘मुक्ती’. इथं तटस्थपणाची अट नाही. इथं चर्च उभं राहणार आहे, बाप्तिस्मे होणार आहेत. गुजरातच्या दुष्काळानंतर, १९०० च्या सुमारास इथं दोन हजारांच्या आसपास बायामुली असतील; माग असतील, छापखाना असेल, घाणा असेल, अंध मुलींची शाळा असेल. आणि एका खोलीत बसून रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्ख्या बायबलचं मराठी करत असतील, साधं, केडगावच्या मुलींना वाचता येईल असं. दार किती उघडं ठेवायचं हा प्रश्न त्यांनी असा सोडवला की भिंतच काढून टाकली. त्याची किंमतही मोजली. पुण्यातल्या ज्या घरांसाठी सदन काढलं होतं, ती घरं कायमची तुटली.

त्या घरांमध्ये एक माणूस मात्र या सगळ्याकडे फार बारकाईनं पाहत होता. शारदा सदनात अगदी सुरुवातीला आलेल्या मुलींमध्ये गोदूबाई नावाची एक विधवा होती. धोंडो केशव कर्व्यांनी मार्च १८९३ मध्ये तिच्याशी लग्न केलं. मुरूड गावानं त्यांना वाळीत टाकलं.

साल १९००, हिंगणं. पुण्यापासून काही मैल. रस्ता म्हणजे चिखल. संध्याकाळी फर्ग्युसन कॉलेजातलं गणित संपवून एक किडकिडीत माणूस हातात सामानाची पिशवी घेऊन तुमच्या पुढे चालतोय. त्याच्याशी बोलायचा प्रयत्न करू नका, बोलणं हा त्याचा प्रांत नाही. रावबहादूर गोखल्यांनी दिलेली सहा एकर जमीन, तिच्यावर एक झोपडी आणि झोपडीत विधवा मुली. १८९६ मध्ये स्वतःच्या शिलकीतले हजार रुपये घालून त्यांनी या कामाची मंडळी स्थापन केली होती.

कर्व्यांनी सदनातून धडा उचलला तो असा, की दार फारसं उघडंही नको आणि बंदही नको. हिंदू चालीरीती जशाच्या तशा. स्वतः पुनर्विवाह केलेला असूनही आश्रमात पुनर्विवाहाचा प्रचार नाही. आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत फिरणाऱ्या पार्वतीबाई आठवले, गोदूबाईंच्याच बहीण, केशवपन केलेल्या विधवेच्या वेषात फिरत. त्या वेषापुढे कर्मठातला कर्मठ माणूसही नाही म्हणायला कचरत असे. ही युक्ती होती की तडजोड, ते ज्याचं त्यानं ठरवावं. मला ती युक्ती वाटते आणि तिचा सगळा भार एका बाईच्या डोक्यानं वाहिला, असंही वाटतं.

गंमत म्हणजे कर्वे स्वतः देवाबाबत अज्ञेयवादी. पण १९०८ मध्ये संस्थेला जन्मभर वाहून घेणारी माणसं हवीत असं वाटलं, तेव्हा त्यांनी नाव कुठून आणलं? गीतेतून. ‘निष्काम कर्म मठ’. देव नसला तरी चालेल, शपथ मात्र हवी. टिळक-आगरकरांच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीतही तुटपुंज्या पगारावर आजीव सेवा करायची ती ‘जेझुइट’ तत्त्वावर, असं टिळक म्हणत आणि त्या तत्त्वावरूनच बाहेर पडले. आगरकर तर उघड बुद्धिवादी. पुण्यातल्या या सगळ्या बिगरसंन्याशांनी मठाची शिस्त तेवढी उचलली, गाभारा जागच्या जागी ठेवला.

आता एक छोटा थांबा. मुंबई, परळ, १८ ऑक्टोबर १९०६. गिरणीचा भोंगा, चाळींतून येणारा ओल्या कोळशाचा वास. एका जागेत अस्पृश्य मुलांची शाळा उघडतेय. समोर विठ्ठल रामजी शिंदे आणि अध्यक्ष नारायण चंदावरकर, दोघं प्रार्थना समाजाचे. शिंदे ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्माचा तौलनिक अभ्यास करून आलेत. नोकरी धरायची सोडून ते धर्मप्रचारक झाले आणि प्रचार करता करता त्यांना कळलं, की ज्याला देवळाच्या पायरीवर उभं राहू देत नाहीत त्याला एकेश्वरवाद सांगण्यात अर्थ नाही. संस्थेचं नाव ‘डिप्रेस्ड क्लासेस मिशन’. बहीण जनाबाईही कामाला आली. इथं तुम्हाला फक्त तो शब्द ऐकायचाय. मिशन. पाद्र्यांचा शब्द होता. शिंद्यांनी तो उचलला तेव्हा त्याच्यात कुणाला बाटवण्याचा प्रश्नच नव्हता. हा शब्द पुढे अजून एका माणसाकडे जाणार आहे, ज्यानं तो शाळेत कधी वाचला नसेल.

केडगावच्या परिसरातून भीमा पुढे वाहत जाते. पंढरपूरला तिला चंद्रभागा म्हणतात. १९२० नंतरच्या कुठल्याशा आषाढीला तिच्या काठावर उतरा.

घोंगड्यांचा ओला वास, बुक्का, चिखल, माश्या. पटकीची भीती दर वर्षीची. रात्रीला निवारा शोधू लागलात की कळेल, पंढरपुरात जागासुद्धा जातीनं मिळते. ज्यांना कुठंच मिळत नाही ते वाळवंटात पडतात, पावसात. महाद्वाराशी चोखोबांची समाधी आहे. चोखोबाही बाहेरच थांबले आणि त्यांची माणसंही अजून बाहेरच थांबतायत. दार उघडायला १९४७ उजाडेल, साने गुरुजींना त्यासाठी दहा दिवस अन्न सोडावं लागेल.

त्या वाळवंटात एक माणूस खराट्यानं वाळू झाडतोय. अंगावर चिंध्यांची गोधडी, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच, पायात दोन तऱ्हांच्या दोन वहाणा आणि डोक्यावर मातीचं गाडगं. वेडा समजून तुम्ही बाजूला व्हाल. लोक मात्र गोळा होतायत. हे गाडगेबाबा, म्हणजे डेबूजी झिंगराजी जानोरकर, अमरावतीकडच्या शेणगावचे, जातीनं परीट. १९०५ मध्ये घर सोडलं.

रात्री कीर्तनाला बसा. हे कीर्तन तुमच्या सवयीचं नाही. बुवा सांगत नाहीत, विचारतात. वऱ्हाडीत, समोरच्या शेतकऱ्याचं नाव घेतल्यासारखं. वारीला कर्ज काढून आला का? व्याज किती? पोरगं शाळेत जातं का? बोकड कापून देव खूश झाला का? लोक हसतात, हुंकार देतात, आणि हसता हसता एखाद्याची मान खाली जाते. देवाला आंघोळ घालता, मग त्याच्या अंगावर बसलेली माशीही त्याला का हाकलता येत नाही, अशा धर्तीचे प्रश्न. कुणी नास्तिकानं हेच विचारलं असतं तर मार खाल्ला असता. गाडगेबाबा विचारतात आणि मधेच गोपाळाचं भजन धरतात, अख्खा जमाव त्यात सामील होतो. देवावर बोट ठेवायचा हक्क भक्तीनंच मिळवलेला.

कीर्तनाला न आलेली एक म्हातारी शेजारच्या इमारतीच्या पायरीवर पाय चोळत बसलीय. ही चोखामेळा धर्मशाळा. तिच्या डोक्यावर छप्पर आहे याचा तिला अजून विश्वास बसत नसावा; ती हात लावून भिंत चाचपते. गावाचं नाव विचारा, वऱ्हाडातलं सांगेल. एवढी वर्षं कुठं राहायची विचारलंत तर नदीकडे बोट दाखवेल.

पलीकडे मराठा धर्मशाळा आहे, तीही बाबांनीच उभी केलेली. थांबा, इथं अडखळायला हवं. जो माणूस कीर्तनात जातीवर आसूड ओढतो, त्यानं धर्मशाळा जातवार का बांधाव्या? कारण रात्री वारकऱ्याला छप्पर हवं असतं आणि त्याच्या मनातली जात पहाटेपर्यंत जाणार नसते. बाबा थांबायला तयार नव्हते. कर्व्यांच्या हिशेबाशी हे जुळतं. तुम्हाला ही माघार वाटली, तर त्या म्हातारीला विचारून पाहा.

आणि एक गोष्ट बारकाईनं पाहा. कीर्तन संपल्यावर बाबा त्या धर्मशाळेत जात नाहीत. कुठल्याच नाही. बाहेर कुठंतरी अंग टाकतात, भाकरी गाडग्यात मागून खातात. दर वर्षी पंढरीला येतात आणि विठ्ठलाच्या देवळातही जात नाहीत. रमाबाईंनी आपली प्रार्थना संस्थेच्या मधोमध ठेवली. या माणसानं स्वतःलाच संस्थेच्या बाहेर ठेवलं. धर्मशाळा त्याची पूजा झाली आणि पुजारी उंबऱ्याबाहेर राहिला. दोघांच्या संस्थांत गाभाऱ्याची जागा कुठं होती ते बघितलं की पुढच्या भांडणांचा अंदाज येतो, आणि वारसांच्या भांडणांचा तर नक्कीच. आज कुणी वर्गणीचं पावतीपुस्तक हातात दिलं तर मी संस्थापकाचं छायाचित्र कुठं लावलंय ते आधी बघतो.

१९४९ मध्ये बाबांनी पंढरपूरची ती चोखामेळा धर्मशाळा डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. ज्या नेत्याला हिंदू धर्म सोडायची घोषणा करून चौदा वर्षं झाली होती, त्याच्या हाती, वारीच्या गावातली वास्तू. सांगणाऱ्यांना यात विसंगती दिसते. बाबांना दिसली नाही. तिथं मुलं शिकणार होती.

८ फेब्रुवारी १९५२. ट्रस्ट झाला आणि नाव ठरलं ‘श्री गाडगे महाराज मिशन’. परळमधला शब्द इथं पोचला. आपला शिष्य कुणी नाही, आपण कुणाचे गुरू नाही, हे बाबा आयुष्यभर सांगत राहिले.

आता शेवटचा थांबा. डिसेंबर १९५६. ६ तारखेला डॉ. आंबेडकर गेले. २० तारखेला अमरावतीच्या वाटेवर, पेढी नदीजवळ, गाडीतच बाबांनी प्राण सोडला. मालकीची म्हणावी अशी वस्तू नव्हती.

मोबाईल सुरू करा. दादर पूर्वेला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. टाटा हॉस्पिटलात उपचार घेणारे कर्करोगाचे पेशंट आणि त्यांचे नातलग तिथं राहतात. त्या बाजूला गेलात तर आत डोकावून या.